पिल्लाची पहिली लस कधी?

मांजरीचं पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की त्याला 'ट्रायकॅट'चा (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची एकत्रित लस) पहिला डोस द्या. एका डोसवर थांबू नका. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती शिल्लक असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती नेमकी कधी संपते हे बाहेरून कळत नाही. म्हणून दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर. पिल्लू घराबाहेर पडत नसलं तरीही द्याच, हा आजार माणसालाही होतो.

जंताचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे आधी पिल्लाचं वजन करून घ्या. पोट टम्म आणि पाठीची हाडं हाताला लागतात, असं दिसलं तर बहुधा जंतच.

गाईचं दूध नको, जुलाब होतात. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजराचा त्याने जीव जातो. लहान पिल्लाने दिवसभर तोंडात काही घेतलं नाही किंवा उलट्या सुरू झाल्या, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.