वाळा: माठात, सरबतात आणि कुंडीत

उन्हाळा सुरू झाला की बरेच जण विचारतात वाळा, म्हणजे खस गवताची सुगंधी मुळं, नेमका कसा वापरायचा, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधी एक, वाळा आणि गवती चहा वेगळे बरं का, गवती चहाची पात चुरगळली की वास येतो, वाळ्याच्या पातीला काहीच नाही, वास सगळा मुळांमध्ये.

काष्ठौषधीच्या दुकानात जुडी मिळते. घेताना दोन-चार मुळं ओली करून हुंगा, पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास आला पाहिजे, नाही आला तर माल जुना आहे, सोडून द्या.

माठात टाकायच्या आधी जुडी दोन-तीन पाण्यांतून खळखळून धुवा, मुळांत खूप माती अडकलेली असते. मग सुती कापडात बांधून माठात सोडा, पाण्यात काड्या येत नाहीत. आणि हे बहुतेक जण करत नाहीत पण फार गरजेचं आहे, दर दोन-तीन दिवसांनी जुडी बाहेर काढून कडक उन्हात वाळवायची, नाहीतर ती बुळबुळीत होते आणि पाण्याला कुबट वास लागतो. तसं झालं तर सरळ नवीन घ्या.

सरबताला ५० ग्रॅम वाळा बारीक कापून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं, जास्त उकळू नका, वास वाफेबरोबर उडून जातो. गाळा, १ किलो साखर विरघळवा, गार झाल्यावर लिंबू पिळा. रंग फिकट तपकिरी येतो, बाटलीतला हिरवागार रंग मुळाचा नाहीच, तो वरून घातलेला असतो.

जागा असेल तर लावाच, मी तर म्हणेन प्रत्येक शेताच्या बांधावर वाळा हवा. जून-जुलैत फुटवे (बुंध्यापासून वेगळे केलेले कोंब) लावायचे, मुळं आडवी न पसरता सरळ खाली कित्येक फूट जातात, त्यामुळे माती धरून ठेवतात आणि शेजारच्या पिकाला त्रास नाही. घरी असेल तर उंच ग्रो बॅग किंवा सिमेंटची गोणी घ्या, तळाला भोकं पाडा, वाळू मिसळलेली माती भरा, १५ ते १८ महिन्यांनी गोणी उभी फाडली की मुळं न तुटता अख्खी मिळतात. फुटवे वेगळे करून परत लावा. मधल्या काळात कापलेली पात फेकू नका, झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून टाका.

माठातली वास गेलेली मुळं वाळवून कुंड्यांत पसरली तरी चालतात.