ताट सगळ्यांना, लक्ष मागे राहणारीकडे
नवीन सेविकांनो, अमृत आहाराच्या यादीत नाव घालताना रेशनकार्डाचा रंग बघू नका. 2015 पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना या योजनेत एक वेळचं गरम जेवण मिळतं. सरपंचाची सून आणि मजुराची बायको एकाच पंगतीत बसल्या की फुकट खाण्याची लाज उरत नाही. शिवाय डाळ पातळ झाली तर ठणकावून बोलणारं कुणीतरी असतं. जेवण अंगणवाडीतच वाढा. डबा घरी गेला की दीर, पोरं सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला नुसता रस्सा येतो.

मग गैरहजेरी बघा. लांबच्या पाड्यावरची, वीटभट्टीवर जाणारी कोण राहिली? तिच्या घरी त्याच दिवशी जा. कुटुंब स्थलांतराला निघालं असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड (तिच्या तपासण्या आणि बाळाच्या लसींची नोंद असलेलं) तिच्या पिशवीत आहे ना, हे स्वतः बघा.