रॅप करणाऱ्या पोराला उपासनेत कसं घ्यावं

आमच्या बडोद्याच्या मराठी मुलांचं असं आहे: घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि कानात हिंदी रॅप. त्यातला एखादा येऊन विचारतो, ‘पाळकसाहेब, मी चर्चच्या उपासनेत रॅप करू?’ हो म्हणा. पण शब्द त्याला लिहायला सांगू नका, निदान पहिल्या खेपेला तरी. बायबलमधलं स्तोत्र 136 हातात द्या.

या स्तोत्रात 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद: ‘त्याची दया सनातन आहे.’ पहिला अर्धा भाग मुलाने ठेक्यात म्हणायचा, पालुपद मंडळीने गायचं. सगळी वचनं घेऊ नका. 1 ते 9 मध्ये सृष्टी येते, 10 ते 15 मध्ये मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, 23 ते 26 मध्ये आपली दैना आणि रोजचं अन्न. एवढं पुष्कळ झालं. सीहोन आणि ओग या राजांपाशी नवख्याची जीभ अडखळते, आणि ते का मारले गेले हे ठेक्यावर समजावता येत नाही. तो भाग प्रवचनासाठी ठेवा.

ताल केरवा, 8 मात्रा. कहोन (वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका) असेल तर उत्तम, नाहीतर ढोलकी. मोबाइलवर मेट्रोनोम लावून मिनिटाला 90 ठोके धरा. पोरगं हमखास पळणार. त्याला सांगा, पुढच्या बाकावरच्या आजींचं पालुपद संपून श्वास घेऊन होईपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. तालमीला अशा एका आजींना खरोखरच बोलवा. माझ्या शंभर सूचनांपेक्षा त्यांचं खाकरणं जास्त काम करतं.

पालुपदाची चाल सा, रे, ग या तीन स्वरांतच ठेवा. सा काळी एकमध्ये लावला की पुरुष आणि बायका आपापल्या सप्तकात आरामात गातात. पेटीवाल्याने तेवढंच वाजवावं, मधल्या जागा हरकतींनी भरू नयेत. पालुपद आलं की मुलाने माइक तोंडापासून दूर न्यायचा. ही सवय लावायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण स्पीकरमधून येणारा स्वतःचा आवाज कुणालाही सोडवत नाही. नवरात्रात आपण गरबा बघतोच: गायक कितीही नामांकित असो, मैदान खेळणाऱ्यांचं असतं. इथेही मंडळी प्रेक्षक झाली की उपासना संपली, गाणं कितीही झकास होवो.

ज्येष्ठ कुरकुरतील. त्यांना स्तोत्र 150 वाचायला द्या. डफ, नृत्य, झणझणणाऱ्या झांजा, सगळं तिथे आहे. शिवाय ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (1861–1919) अभंग, ओवी, कीर्तन यांतूनच ख्रिस्त गायला. ते आता आपलं जुनं झालं, म्हणून सोवळं वाटतं इतकंच. त्याच उपासनेत टिळकांचं एक भजन टाळ घेऊन म्हणा आणि रॅपवाल्या पोरालाच टाळ द्या.

शब्द पडद्यावर देवनागरीतच दाखवा, मोठ्या अक्षरात. गुजराती शाळेतल्या मुलांना शिरोरेषेची सवय नसते, तेव्हा तालमीत आधी दोनदा नुसतं वाचून घ्या.

तालीम फ्लॅटमध्ये असेल तर कहोनखाली सतरंजी घाला आणि नऊला आवरा. लाउडस्पीकरला रात्री 10 नंतर बंदी आहे, पण खालच्या मजल्यावरचे काका साडेनवालाच वर येतात.