वयात येणाऱ्या मुलीचा आहार, वजन आणि खेळ

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की घरातील मोठ्यांचे लक्ष तिच्या वजनाकडे जाऊ लागते. परंतु पाळी सुरू होण्याच्या आगेमागे वजन वाढणे आणि कमरेवर व मांड्यांवर चरबी साठणे हा वाढीचाच भाग असल्यामुळे काट्यावरचा आकडा पाहून तिचे जेवण कमी करू नये. शंका वाटल्यास बालरोगतज्ज्ञांकडून तिची उंची आणि वजन वयानुसार केलेल्या वाढीच्या तक्त्यावर तपासून घ्यावे, कारण प्रौढांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याचे) निकष या वयाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सुधारणा सकाळच्या खाण्यापासून करावी. चहा-बिस्किटांवर शाळेत जाणारी मुलगी दुपारपर्यंत जवळजवळ उपाशी असते आणि संध्याकाळी क्लासला जाताना वडापाव किंवा वेफर्स खाऊन ती भूक भागवते. सकाळी दह्यासोबत थालीपीठ, शेंगदाणे घातलेले पोहे किंवा उकडलेले अंडे मिळाले, तर संध्याकाळची ही ओढ बरीच कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के भारतीय मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, आणि माझ्या मते वजनाहून अधिक काळजी याचीच करायला हवी. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि पालेभाजी यांवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यांतील लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणानंतर किमान तासाभराने द्यावा. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी तिने जेवल्यावर घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवते. खो-खो, कबड्डी, सायकल, दोरीवरच्या उड्या, यांपैकी तिला आवडेल ते चालेल. उड्यांनी हाडेही बळकट होतात. मात्र पाळी आल्यावर मुलीचे मैदान बंद करून तिला घरकामाला लावायचे आणि भावाला खेळायला पाठवायचे, ही रीत मोडल्याशिवाय हा सल्ला कागदावरच राहील. त्रास होत नसेल, तर पाळीच्या दिवसांतही खेळण्यास हरकत नसते.

तिला ‘जाडी’ किंवा ‘काडी’ म्हणू नये. ती जेवण टाळत असेल, खाल्ल्यावर मुद्दाम ओकत असेल, तिचे वजन झपाट्याने घटत असेल किंवा नियमित झालेली पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.