मुंबईकरांनी गावची शेतजमीन पुढच्या पिढीकडे कशी सोपवावी

परळ-लालबागच्या अनेक कुटुंबांची कोकणातील किंवा घाटावरील जमीन आजही आजोबांच्याच नावावर असते. म्हणून प्रथम महाभूलेख संकेतस्थळावरून सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा) काढावा, जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मिळवावेत आणि नोंदीत राहून गेलेली नावे शोधावीत. खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची माहिती द्यावयाची असते. त्यासाठी ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्जही करता येतो.

त्यानंतर मुलींचा हिस्सा. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि तिचे वडील 2005 मध्ये हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. बहिणींना डावलून केलेले वाटप पुढे दिवाणी दाव्यात अडकण्याची शक्यता मोठी, त्यामुळे त्यांची संमती आधीच लेखी घेणे हाच, माझ्या मते, व्यवहार्य मार्ग आहे.

सर्व सहधारक राजी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 नुसार तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा; मात्र ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करण्यास मनाई करणारा तुकडेबंदीचा नियम आधी पाहावा. स्वकष्टार्जित शेतजमीन हयातीतच मुलांना द्यायची असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करता येते आणि त्यावर मूळ मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करून घ्यावी.

जमीन कसणार कोण, हे मात्र कागद करण्यापूर्वीच, गणपतीला सगळे गावी जमले असताना, ठरवून घ्यावे.