सातपुड्यातल्या दवाखान्यांचा खर्च मोजायला निघालात?

एमपीएच (सार्वजनिक आरोग्य), एमएसडब्ल्यू (समाजकार्य) करणाऱ्यांनो, प्रबंधाला आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांवरचा खर्च वसूल होतो का हा विषय घेतला असेल तर युनिट कॉस्ट, म्हणजे एका पेशंटमागचा खर्च, वगैरे तुम्हाला येतच असणार. मला भीती आहे ती भागाकाराची.

समजा दोन केंद्रं, दोन्हीचा महिन्याचा खर्च ५ लाख. अमळनेरकडे सपाटीला ओपीडी २५००, धडगावकडे डोंगरात १०००. एकीकडे पेशंटमागे २०० रुपये, दुसरीकडे ५००, की लगेच "डोंगरातलं केंद्र महागडं" असं लिहून मोकळे! आमच्या गाईडना हेच पाहिजे होतं, एक टेबल आणि झटपट पेपर. थांबा भो. सरकारी निकषच सपाटीला ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक असा आहे, म्हणजे तिथे माणशी खर्च जास्त येणार हे आधीच धरलेलं आहे, आणि ओपीडी कमी झाली म्हणून पगार थोडेच कमी होतात. त्यात दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत कामाला जातात, ती होळीच्या तोंडावर भोंगऱ्या बाजाराला (होळीआधी भरणारा आदिवासींचा मोठा बाजार) परततात, मग जानेवारीत मोजलं तर केंद्र रिकामंच दिसणार ना. वर्षभराचं रजिस्टर घ्या. बाजाराचा वार वेगळा काढा, त्या दिवशी ओपीडीची रांग बाहेर जाते, कारण काळीपिवळीच्या एकाच भाड्यात बाजारही होतो आणि दवाखानाही.

ते भाडं, बुडालेली मजुरी, पेशंटला झोळीत घालून आणणाऱ्या माणसांचा दिवस, यातलं काहीच कॅशबुकात सापडत नाही. केंद्र बंद केलं तर सरकारचे पैसे वाचल्यासारखे दिसतात, पण तो सगळा खर्च घरच्यांच्या अंगावर पडतो. म्हणून ओट्यावर बसून लोकांनाच विचारा. अशा ठिकाणी गूगल फॉर्म पाठवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

बाकी घाबरू नका, जमतं. औषधं वरून येतात, त्यांचे पैसे केंद्राच्या कॅशबुकात दिसत नाहीत, स्टॉक रजिस्टरवरून किंमत लावा. इमारत, गाडी यांची किंमत त्या जितकी वर्षं टिकतात तितक्या वर्षांवर वाटा. फार्मासिस्टशी गट्टी करा, माझ्या मते तो गाईडपेक्षा जास्त शिकवतो.

परवानगीचं मात्र आधी बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे असतात, दोन्ही घेणार असाल तर पत्रंही दोन लागतील.