क्रूझवर स्वीट घ्यायचा का? आधी अंगणात फक्की ओढा

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. बियाणं-खताचं कृषी केंद्र आहे, एकोणीस वर्षं झाली. मुंबईचा समुद्र आमच्यापासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर, तरी आमच्या धंद्यातली बरीच माणसं क्रूझवर जाऊन आलेली आहेत. कंपन्यांची स्कीम असते, एवढा माल उचला आणि टूर मिळवा. पूर्वी बँकॉक असायचं, आता कधीकधी जहाजही असतं. आणि मग कंपनीच्या माणसाचा फोन येतो, "भाऊ, स्कीममध्ये इंटिरियर रूम बसते. वरचा फरक तुम्ही भरला तं स्वीट करून देतो." इंटिरियर म्हणजे बिनखिडकीची खोली, स्वीट म्हणजे मोठी ऐसपैस खोली.

मी दोन्ही भोगलं आहे. पहिल्यांदा सिंगापूरहून, दिग्रसच्या एका डीलरसोबत बिनखिडकीच्या खोलीत. दुसऱ्यांदा घरच्यांना, म्हणजे बायकोला, घेऊन मुंबईहून गोव्याला, स्वतःच्या पैशाने स्वीटमध्ये. तेव्हापासून दुकानात क्रूझला जाणारा कोणी आला की मलाच विचारतो, "फरक भरू का नको?" दरवेळी काउंटरवर तेच सांगून दमलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं काम अंगणात करायचं. खोलीचं माप मागून घ्या, चौरस फुटात. बिनखिडकीची खोली साधारण दीडशे चौरस फुटांच्या आसपास असते, म्हणजे बारा बाय बाराला थोडी जास्त. स्वीट तीनशेपासून पुढे कितीही. टेप घ्या, चुन्याची फक्की घ्या आणि दोन्ही चौकोन अंगणात ओढा. लहान चौकोनात पलंगाची जागा आखा, संडास-बाथरूमची आखा, कपाटाची आखा. मी ओढलं तेव्हा लहान चौकोनात आमच्या घरच्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, हे तं आपल्या न्हाणीएवढं उरलं. दोन बॅगा कुठी ठेवसान?" बॅगा पलंगाखाली जातात, हे मला सिंगापूरच्या वेळी कळलं होतं. मग त्या मोठ्या चौकोनात गेल्या, इकडून तिकडे फिरल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या जागेत मी करू काय?"

खरा प्रश्न तोच आहे. आणखी एक ध्यानात ठेवा. काही ठिकाणी सांगितलेल्या मापात बाल्कनी धरलेली असते, काही ठिकाणी नसते. विचारून घ्या, नाहीतर फक्की चुकते.

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो. घरात खोल्या चार आहेत, पण दिवसभर खोलीत बसतं कोण? सकाळचा चहा ओसरीत, तूर निवडणं ओसरीत, पाहुणा आला तर ओसरीत. खोली फक्त झोपायला आणि कपाट उघडायला. जहाजावर बाल्कनी म्हणजे ओसरी, आणि स्वीट म्हणजे ओसरीसकट आख्खा वाडा. बऱ्याच जणांना ओसरी पाहिजे असते आणि ते वाड्याचे पैसे मोजून येतात. म्हणून भाव काढताना इंटिरियर आणि स्वीट एवढे दोनच विचारू नका. मधले दोन, खिडकीची खोली आणि बाल्कनीची खोली, यांचेही विचारा. एजंट मधले भाव आपणहून सांगत नाही. जुन्या बांधणीच्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच असतात, तिथे ओसरीसाठी स्वीटच घ्यावा लागू शकतो. नव्या मोठ्या जहाजांवर मात्र बाल्कनीच्या साध्या खोल्या भरपूर असतात.

हिशेब मी असा केला होता. भाव नेहमी माणशी सांगतात, तोही एका खोलीत दोघं धरून. मला सांगितलेला फरक होता वीस हजार. दोघांचे झाले चाळीस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, त्या भावाने चाळीस हजार म्हणजे जवळपास पाच क्विंटल कापूस. तीन रात्रींसाठी. असं मांडलं की आकडा डोळ्यांपुढे गंजीसारखा उभा राहतो. मग झोपेचे तास सोडून द्या, कारण झोपेत वाडा आणि कोठी सारखीच. उरलेल्या वेळातलं जेवण, रात्रीचा कार्यक्रम, डेकवरचं फिरणं, गोव्यात उतरणं हे वजा करा. माझ्यासारखा माणूस जागेपणी खोलीत तीन दिवसांत दहा तास असतो. म्हणजे तासाला चार हजार. पण घरच्यांचं तसं नाही. त्यांना गर्दी सोसत नाही, गुडघा दुखतो, त्या रोज सहा तास बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या. अठरा तास. त्यांच्या हिशेबाने तासाला बावीसशे पडले. तुमच्यापैकी जो खोलीत जास्त बसणार त्याचे तास धरा, स्वतःचे धरू नका. मी आधी स्वतःचे धरले होते, दोन दिवस घरात बोलणं बंद होतं.

एकटे जाणार असाल तर गणित आणखी बिघडतं. बहुतेक कंपन्या एकट्याकडून जवळपास दोघांचे पैसे घेतात. उलट चौघं असाल, पोरं मोठी असतील, तर एका स्वीटच्या भावात दोन साध्या खोल्या येतात का ते नक्की पाहा. दोन खोल्या म्हणजे दोन बाथरूम. सकाळी चौघांना एक बाथरूम पुरत नाही, सोफा कितीही मऊ असो.

फरकात काय काय येतं त्याची यादी लेखी मागा. मुख्य जेवण, नाटक-गाणी, मोठा पोहण्याचा हौद हे साधारणपणे सगळ्यांना सारखंच. स्वीटवाल्याला वरून काय मिळतं ते कंपनीप्रमाणे बदलतं: आधी चढायला मिळणं, वेगळी बसायची जागा, इंटरनेट, दारू, कुठे वेगळं हॉटेल. काही परदेशी जहाजांवर हा भाग खरोखरच वेगळा असतो. एमएससी कंपनीचा यॉट क्लब किंवा नॉर्वेजियन कंपनीचं हेवन म्हणजे जहाजातलं दुसरं जहाज, जेवायची जागा वेगळी, पोहायचा हौद वेगळा, दिमतीला बटलर. तिथे तुम्ही फक्त खोलीचे पैसे देत नाही. पण नुसतं 'मिनी स्वीट' किंवा 'ज्युनियर स्वीट' लिहिलं असेल तर सावध व्हा. बऱ्याच ठिकाणी ती जरा मोठी बाल्कनीची खोली असते आणि मोठ्या स्वीटच्या सवलती तिला लागू नसतात. बियाण्याच्या पाकिटावर 'सुपर' लिहिलं म्हणून उगवण वाढत नाही, हे आम्हाला सांगायला नको.

यादीतली जी गोष्ट तुम्ही वापरणारच नाही तिच्यापुढे शून्य लिहा. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे (कागदावर तरी), मी माळकरी, दारूच्या पॅकेजपुढे शून्य. बाथटबपुढे मी आधी पाचशे लिहिले होते. प्रत्यक्षात त्यात घरच्यांनी साड्या भिजवल्या. आणि एक उलटा आकडाही आहे. परदेशी कंपन्यांत माणशी रोजची टीप बिलात लावतात, आणि बऱ्याच कंपन्यांत स्वीटवाल्याची टीप साध्या खोलीपेक्षा जास्त असते. तीही फरकात मिळवा.

आता खोली कुठे आहे ते. स्वीट बहुतेक वरच्या मजल्यांवर असतात, काही एकदम पुढच्या किंवा मागच्या टोकाला. एसटीच्या मागच्या सीटवर बसून आर्वी ते वर्धा ज्याने केलं आहे त्याला पुढचं समजावून सांगायची गरज नाही. जहाज मध्यावर सगळ्यात कमी हलतं, टोकाला जास्त, आणि जितकं वर जाल तितकं डुलणं जास्त लागतं. घाटात ज्याला ओकारी येते त्याला महागाची टोकाची खोली देऊ नका. मधली, खालच्या मजल्याची साधी खोली द्या. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. आपल्याला तसंही जून ते सप्टेंबर दुकान सोडून जाता येत नाही. हिवाळ्यात पाणी पुष्कळ शांत असतं.

कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. खोली नंबर मिळाला की तो काढा आणि वर-खाली काय आहे ते बघा. सिंगापूरच्या वेळी आमच्या डोक्यावर बरोब्बर हौदाचा मजला होता. पहाटे खुर्च्या ओढायचा आवाज, कर्र... कर्र... बंडीचा आक कोरडा पडल्यासारखा. खिडकी नाही, त्यामुळे बाहेर उजाडलं की नाही ते कळेना. साडेचारला उठायची सवय, अंधारात चाचपडत बसलो, वाटलं शेतातल्या मोटारीची रात्रीची लाईन आली आणि मी झोपूनच राहिलो. दिग्रसवाले बाबा घोरत होते. पण खरं सांगतो, तेवढ्या त्रासासाठी मी पाच क्विंटल कापूस दिला नसता. टॉर्च नेला असता.

गुडघेदुखीवाल्यांना स्वीटच घ्यावा असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. स्वीटच्याही बाथरूमला उंबरा असू शकतो. व्हीलचेअर जाईल अशा रुंद दाराच्या खोल्या वेगळ्या असतात आणि त्या स्वस्त प्रकारातही मिळतात, पण मोजक्याच. म्हणून लवकर मागाव्या लागतात. लिफ्टपासून खोली किती दूर तेही नकाशात मोजा, लांबच्या गल्ल्या माणसाला दमवतात.

बुकिंग झाल्यावर काही कंपन्यांचा मेल येतो, बोली लावा, खोली वाढवून घ्या. बाजार समितीत हर्रास पाहिलेल्या माणसाला हे सोपं वाटतं, पण दोन खोचा आहेत. बोली बहुतेक माणशी असते, म्हणजे दुपटीने विचार करा. आणि लागली तर खोली कंपनी देईल तीच, टोकाची असली तरी. हिशेबातला आकडा लावा, त्यावर एक रुपया नाही.

आणि 'आधी चढायला मिळेल' यावर भाळू नका. आपण विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरतो. बॅलार्ड पियरचा क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने थोड्याच अंतरावर, पण जहाजावर चढणं सहसा दुपारी. स्वीटवाल्यासाठीही सकाळी सातला जहाज उघडत नाही. रात्रभराच्या प्रवासाने आंबलेलं अंग आणि हातात बॅगा, ते पाच-सहा तास फार जड जातात. त्यासाठी स्टेशनवरची रेल्वेची रिटायरिंग रूम आधी बुक करा, नसेल तर जवळ अर्ध्या दिवसाचा लॉज. आंघोळ करा, दोन घास खा, तासभर आडवे व्हा. आम्ही स्वीटवाले होतो आणि स्टेशनबाहेर बॅगेवर बसून शेंगदाणे खात होतो. घरच्या म्हणाल्या, "चाळीस हजारातले हजार इथं लावले असते तं?"